परक्या शहरात दही लागत नाहीये, काय चुकतंय?

प्रश्न:
नोकरीसाठी परदेशातल्या मोठ्या शहरात येऊन चार महिने झाले. भाषा जमू लागली, मेट्रोचे मार्ग पाठ झाले, पण घरी दही काही लागत नाही. विकतच्या डब्यातलं चमचाभर विरजण घालते, रात्रभर ओट्यावर ठेवते. सकाळी नुसतं दूध. स्वयंपाकघर १७-१८ अंशांच्या वर जात नाही. विकतच्या दह्यावर भागतं हो, पण सकाळी झाकण उघडल्यावर घट्ट लागलेलं दही दिसलं की घर आपलं वाटतं. ते हवंय मला.

उत्तर १:
थंडीच नडतेय. विरजणातल्या जिवाणूंना ४० ते ४५ अंशांची ऊब लागते. दूध उकळा, बोटाला सोसेल इतकं कोमट होऊ द्या, मग विरजण घाला. बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवा, नाहीतर भांडं जाड टॉवेलात गुंडाळा. सहा ते आठ तास अजिबात हलवू नका. पहिल्या हिवाळ्यात माझंही असंच व्हायचं, रडू यायचं अगदी.

उत्तर २:
डब्यावरचं लेबलही वाचा. काही दही लागल्यावर पुन्हा तापवतात, त्यातले जिवाणू मेलेले असतात. 'जिवंत कल्चर' लिहिलेलं, साधं, बिनसाखरेचं घ्या.

प्रश्नकर्ती:
माझ्या डब्यावर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं! नवा आणला, ओव्हनच्या दिव्याखाली ठेवला, सात तासांत लागलं. शेजारच्या आजींना वाटीभर दिलं. त्याही दुसऱ्याच देशातून आलेल्या, आमची बोलायची भाषा जेमतेम. त्यांनी खुणेनेच विचारलं, कसं लावलंस? उद्या दूध घेऊन येणार आहेत.