ह्यांना फ्लूची लस द्यावी का? वय ७२, शुगर, एक स्टेंट

कऱ्हाडची_आक्का
नमस्कार मंडळी. आम्ही दोघंच इथे असतो. ह्यांना शुगर जुनी आहे, स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू. मी ६७, बीपी सोडलं तर ठणठणीत. गेल्या श्रावणात ह्यांना ताप आला. पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढले, मग खोकला असा धरला की आडवंच होता येईना. रात्रभर पलंगावर तीन उश्यांना टेकून बसायचे आणि मी समोर खुर्चीत. शेवटी ॲडमिट, ऑक्सिजन, सगळं झालं. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूच निघाला.

आता आमचे डॉक्टर म्हणतात, पावसाच्या आधी लस घेऊन टाका. ह्यांचं उत्तर ठरलेलं: "कोविडच्या घेतल्या तेवढ्या पुरे. पैसे मोजून फ्लू अंगात कोण टोचून घेणार?" अमेरिकेतली मुलगी सांगते, घाई नको, ऑक्टोबरमध्ये घ्या, इकडे सगळे तेव्हाच घेतात. मेडिकलवाला दीड-दोन हजार सांगतो. कुणाचं ऐकू? आणि गोळी चालू असताना सुई चालते का?

निवृत्त_सिस्टर_पुणे
आक्का, डॉक्टरांचं ऐका. मुलीचंही चूक नाही, पण ते तिच्या गावापुरतं. तिकडे फ्लू थंडीत येतो, म्हणून ऑक्टोबर. आपल्याकडे मोठी लाट जून ते सप्टेंबर, आणि जानेवारी-मार्चमध्ये धाकटी. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर श्रावण लशीविनाच जायचा. टोचल्यावर ताकद यायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे मे महिन्यात उरकून घ्या.

विषाणू रूप बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत काय घालायचं ते सांगते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. मेमध्ये घेताना दक्षिण गोलार्धाची, चालू वर्षाची मागा. खोक्यावर छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. मेडिकलमधून आणून घरी फ्रीजच्या दारात ठेवायच्या भानगडीत पडू नका, आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच नको, गोठली की ती फेकायचीच. २ ते ८ अंशांत राहायला हवी. दवाखान्यातच मागवून तिथेच टोचा.

काकांना सांगा, इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सिस्टरला आधी सांगा, ती बारीक सुई वापरेल. नंतर दोन-तीन मिनिटं कापूस दाबून धरा, चोळू नका. पूर्वी कधी गियाँ-बारे (नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) झालेलं असेल किंवा लशीची जोरदार ॲलर्जी आली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

खवचट_आजोबा
मी लागोपाठ दोन वर्षं घेतली. सर्दी काही चुकली नाही. पैसे गेले आणि नाकही गळतंय ते गळतंय.

निवृत्त_सिस्टर_पुणे
आजोबा, सर्दीचे विषाणू ढीगभर आहेत, ही लस फक्त फ्लूची. आणि तीही शंभर टक्के नाही, हे कबूलच. लस आणि विषाणू जुळले त्या वर्षी ४० ते ६० टक्के उपयोग होतो, उतारवयात अजून कमी. पण हिशोब नाक गळण्याचा करायचा नसतो, ऑक्सिजन लागण्याचा करायचा. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आमच्या पुण्यात झाला. तेव्हाच्या रांगा मी पाहिल्यात. तोच स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, आता दरवर्षीच्या फ्लूत मुरलाय आणि लशीतही असतो.

आक्का, स्टेंट आहे म्हणून एक मुद्दाम सांगते. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं की फ्लू निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सहापट असतो. काकांना हे सांगून बघा, बहुतेक बाह्या सरसावतील.

लेस्टरचा_नाना
इथे इंग्लंडात ६५ च्या पुढे एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, फुकट टोचते, तीही वयस्करांसाठी मुद्दाम केलेली जास्त जोरकस लस. तिकडे खिशातून जातात हे खरं. पण ॲडमिट झाल्यावरचं एका दिवसाचं बिल आठवा. आणि मुलीकडे थंडीत जाणार असाल तर तिकडच्या हंगामाची घ्यावी का, हे डॉक्टरांना आताच विचारून ठेवा.

कऱ्हाडची_आक्का
सहापटीचं वाचून दाखवलं. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तू घेणार असशील तर मी घेतो." म्हणजे आता दोघांचे पैसे. शनिवारी डॉक्टरांकडे नाव लिहून आले, त्यांनी दक्षिण गोलार्धाचीच मागवलीय, विचारून घेतलं. सिस्टर, न्यूमोनियाची लस वेगळी असते ना? तीही त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर चालते का?

निवृत्त_सिस्टर_पुणे
वेगळीच, आणि त्याच दिवशी चालते. पण ती दरवर्षीची नाही. आधी कधी घेतली असेल तर तो कागद शोधून सोबत न्या.