ए-० नकाशे छापताना प्लॉटरमध्ये नेमके काय घडते?

प्रश्न (सांगली): आमच्या कार्यालयात इमारतींचे नकाशे ए-० आकारात, म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटरच्या कागदावर छापावे लागतात. प्लॉटर (मोठे नकाशे छापणारे यंत्र) एवढी लांब रेषा मध्ये न तुटू देता कशी काढतो?

उत्तर १: तो रेषा ओढतच नाही, तसे पेनचे जुने प्लॉटर करीत. शाईचे हेड कागदाच्या रुंदीवर ये-जा करीत सूक्ष्म थेंब सोडते आणि प्रत्येक फेरीनंतर रोलर कागद किंचित पुढे सरकवतो. हे सरकणे चुकले, तर दोन फेऱ्यांत छापलेल्या पट्ट्यांच्या सांध्यावर पांढरी फट दिसते. म्हणून कागदाचा प्रकार बदलल्यावर कॅलिब्रेशन (कागद सरकण्याचे माप जुळवणे) करावेच.

उत्तर २ (सातारा): काम फार असेल, तर टोनरचे (पावडर शाईचे) एलईडी यंत्र पाहावे. त्यात हेड धावत नाही. दिव्यांची स्थिर पट्टी ड्रमची (ज्यावर आधी चित्र उमटते त्या दंडगोलाची) पूर्ण रुंदी उजळते.

प्रश्नकर्ता: १:१०० प्रमाण मात्र बिघडते.

उत्तर १: ‘फिट टू पेज’ (नकाशा कागदात बसवण्यासाठी लहान-मोठा करणारी सेटिंग) बंद ठेवावे.