प्रतिसाद: जहाजावरचा मनोरा आणि मीठ
वरच्या लेखात म्हटलंय की १९६० च्या दशकात ब्रिटनच्या किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे, म्हणजे देशाच्या हद्दीबाहेर जहाजाने नांगर टाकला की पायरेट रेडिओ (परवान्याशिवाय चालणारं केंद्र) सुरू. कायद्यापुरतं ठीक, पण खरी डोकेदुखी अँटेनाची होती.

रेडिओ कॅरोलाइन हे असंच जहाजावरचं केंद्र मार्च १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या सफोकच्या किनाऱ्यासमोर सुरू झालं. जाहीर केलेली तरंगलांबी १९९ मीटर, प्रत्यक्षात १५२० किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण १९७ मीटर. अँटेना म्हणून तरंगलांबीच्या चतुर्थांश, सुमारे ४९ मीटरचा मनोरा डेकवर उभा करायचा! अर्थिंगची मात्र चैन: पोलादी सांगाडा थेट खाऱ्या पाण्यात. जमिनीवर त्यासाठी तांब्याच्या तारा पुराव्या लागतात.

पण तेच खारं पाणी वर उडतं. मनोऱ्याला धरून ठेवणाऱ्या ताणतारांमधल्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसला, त्यात दमट हवा, की ठिणग्या पडून ट्रान्समीटर ट्रिप. मग तो बंद करून इन्सुलेटर गोड्या पाण्याने धुवायचे, आणि जहाजावर गोडं पाणी मोजकंच.

पुढे कॅरोलाइनच्याच 'रॉस रिव्हेंज' या जहाजावर तब्बल ३०० फुटी मनोरा उभारला. डोलताना ताणतारांवर सतत उलटसुलट ओढ बसते. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात तो टिकला, पण नोव्हेंबरमध्ये कोसळलाच. मग आखूड डोलकाठ्यांमध्ये ताणलेल्या तारांवर भागवलं.

आणि १९६७ च्या ब्रिटिश कायद्याने जहाजांना हात न लावता रसद नि जाहिराती पुरवणं गुन्हा ठरवलं. डिझेलच आलं नाही तर जनरेटर कशावर चालवणार?