गेम बनवता येतो हे पहिल्यांदा कधी कळलं? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

धागा सुरू करतोय : सातारा, शाहूपुरी

मंडळी, गेम खेळणारे आपल्याकडं घरोघरी आहेत. पण गेम कुणीतरी बसून बनवतं, आणि ते बनवायचं सॉफ्टवेअर आपल्यालाही उघडता येतं, हे ज्याला त्याला वेगळ्याच ठिकाणी कळलं. गेल्या काही महिन्यांत आपल्या दोन जिल्ह्यांतल्या अशा छंदिष्ट लोकांशी बोलणं झालं आणि एक गोष्ट सारखी जाणवली : ते सॉफ्टवेअर मुद्दाम शोधायला कुणीच गेलं नव्हतं. माणूस दुसऱ्याच कामात होता आणि हे आडवं आलं. म्हणून हे आवतण. पोटापाण्याला काय करता ते महत्त्वाचं नाही. कोणतं सॉफ्टवेअर, साधारण कुठला काळ, आणि पडद्यावर तुमच्या सांगण्यावरून पहिल्यांदा काय हललं, तेवढं सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. शाळेच्या संगणक कक्षात डॉसची मशिनं होती. १९९१ पासून डॉसबरोबर क्यूबेसिक हे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर यायचं आणि त्यासोबत गोरिलाज हा खेळ. इमारतींच्या गच्च्यांवर दोन गोरिला. कोन आणि वेग आकड्यांत टाकायचा, केळं फेकलं जायचं. सुरू होण्याआधी खेळ गुरुत्वाकर्षण विचारायचा आणि सोबत सूचना असायची, पृथ्वी = ९.८. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश असं होतं, म्हणून आम्ही १.६ टाकलं. केळं पडद्याच्या वर गेलं ते बराच वेळ खाली येईना! वर्गात चंद्र मला इतका कधीच पटला नव्हता.

पण मी अडकलो तो वेगळ्या कारणानं. क्यूबेसिकमध्ये गोरिला.बास ही फाईल उघडली की आधी खेळ दिसायचाच नाही, त्याचा सगळा मजकूर दिसायचा. वर लिहिलेलं असायचं, चालवायला शिफ्ट-एफ५ दाबा. म्हणजे खेळ आणि त्याची कृती एकाच फाईलमध्ये. त्या खेळात सूर्याला केळं लागलं की तो तोंडाचा चंबू करतो. ते तोंड काढणारा भाग मी शोधून काढला, वर्तुळाचा आकडा वाढवला, आणि सूर्यानं केवढा तरी आ वासला. माझी पहिली हललेली गोष्ट तीच. आज मी बँकेत आहे, पण रात्री अजूनही कुठल्या ना कुठल्या खेळाच्या आत डोकावत असतो.

लिहा आता.

फलटण तालुका, शेती आणि ठिबकचं दुकान

आमच्याकडं इंटरनेट नव्हतं तेव्हाची गोष्ट. थोरला चुलतभाऊ पुण्याहून येताना संगणकाची मासिकं आणायचा, त्यांच्यासोबत सीडी यायची. सीडीत शेकडो फुकट प्रोग्रॅम. मी अँटिव्हायरस शोधत होतो, आणि यादीत गेममेकर दिसलं. नाव वाचून वाटलं, हे पण कुठलातरी खेळच असणार.

उघडलं तर डाव्या बाजूला कप्पे : स्प्राइट (चित्रं), साउंड, ऑब्जेक्ट (खेळातल्या वस्तू), रूम (खेळाची जागा). उजवीकडं चौकोनी चित्रं, ती उचलून यादीत टाकायची. 'माउस दाबला तर', 'धडक झाली तर', 'उडी घे'. कोड एक ओळ नाही. हे सॉफ्टवेअर मार्क ओव्हरमार्स या नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी १९९९ साली लोकांपुढं ठेवलं, हे मला फार नंतर कळलं. शिकवणारा माणूस त्यामागं आहे हे मात्र तेव्हाच जाणवत होतं, कारण सोबतचा धडाच तसा होता : पडद्यावर एक विदूषक पळतो, त्याला क्लिक करून पकडायचं, पकडला की त्याचा वेग वाढतो. एवढ्या एका खेळात ऑब्जेक्ट, इव्हेंट (काय घडलं) आणि अ‍ॅक्शन (मग काय करायचं) तिन्ही समजतात. इतकी चांगली पहिली शिकवणी मी पुढं कुठल्याच इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात, पाहिली नाही.

तेव्हा लोडशेडिंग जोरात. वीज कधी येणार याचं वेळापत्रक पाठ असायचं. म्हणून मी वहीवर पान आखायचो, डावीकडं ऑब्जेक्टचं नाव, मधे इव्हेंट, उजवीकडं काय व्हायला पाहिजे. वीज आली की फक्त तेवढं भरायचं. विदूषकाच्या जागी मी रानडुक्कर घातलं, उसातून बाहेर पडणारं. आमच्या वस्तीवरची झाडून सगळी पोरं ते खेळली. आजही ठिबकच्या व्हॉल्व्हचं वेळापत्रक बसवताना त्याच तीन रकान्यांत विचार करतो.

धागाकर्ता : दादा, वहीची ती पानं असतील तर जपून ठेवा. गेम डिझाइनचा कागद म्हणतात तो हाच.

मिरज

माझं थोडक्यात. विश्रामबागला कॅफेत संगणक एकमेकांना जोडून (लॅनवर) एज ऑफ एम्पायर्स या लढाईच्या खेळाचा दुसरा भाग चालायचा. बाकीचे येईपर्यंत मेन्यूत फिरताना सिनॅरिओ एडिटर, म्हणजे स्वतःचा डाव रचायचा भाग, सापडला. नकाशा रंगवा, नदी काढा, तटबंदी घाला, हे सगळं झालंच, पण आत ट्रिगर नावाचा भाग होता. अमुक जागेत शत्रूचा माणूस आला, तर तमुक निरोप दाखव. इतका वेळ बाण टाळत होतो ते असंच कुणीतरी लिहून ठेवलंय, हे त्या मिनिटाला समजलं. कॅफेतल्या पोरांसाठी मी एक वेढा बनवला : घाटातून रसद आणायची, दरवाजाजवळ पोचली की किल्ल्यातलं सैन्य तुमच्या ताब्यात. माझा नकाशा दुसरे खेळताना मागं उभं राहून बघणं हे जिंकण्यापेक्षा भारी होतं.

कराड, डीटीपी आणि फ्लेक्सचं काम

मी ताई आहे, धाग्यात अजून एकही बाई दिसली नाही म्हणून आवर्जून लिहिते.

बारावीनंतर एमएससीआयटी केलं, मग डीटीपी. कोरल ड्रॉ आणि पेजमेकर. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कारखान्याच्या सभासदांचे अहवाल. एका गिऱ्हाइकाला लग्नाची सीडी हवी होती, उघडल्यावर पाकळ्या पडणाऱ्या. त्यासाठी मालकांनी फ्लॅश हे हलती चित्रं करायचं सॉफ्टवेअर आणलं आणि म्हणाले, तुम्हीच बघा कसं जमतंय.

पाकळ्या टाइमलाइनवर एकेक करून पाडल्या. दिवसभर तेच. मग एफ९ दाबल्यावर अ‍ॅक्शन्सची, म्हणजे कोड लिहायची, खिडकी उघडते हे कळलं, आणि मदतीच्या पानात ऑनएंटरफ्रेम सापडलं. दर फ्रेमला (चित्र बदलतं त्या प्रत्येक क्षणाला) पाकळीचा वाय, म्हणजे उभ्या जागेचा आकडा, थोडा वाढव, खाली गेली की परत वर पाठव. तीन ओळी. एकच पाकळी काढायची, तिच्या चाळीस प्रती करायच्या, प्रत्येक आपापल्या वेगानं पडते. तेवढ्यात हिटटेस्ट दिसलं, दोन चित्रं एकमेकांना लागली का ते सांगणारं. मी खाली एक ताम्हण काढलं, माउसनं हलणारं, आणि पाकळी ताम्हणात पडली की गुण. नवरानवरीच्या सीडीत ते गेलं नाही, ते माझ्याजवळ राहिलं. दुकान बंद झाल्यावर मालकांच्या मुली खेळायच्या.

ॲडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद केलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. चित्र काढणाऱ्या माणसाला कोडपर्यंत इतक्या सहज नेणारं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही. आजच्या इंजिनांत आधी प्रोजेक्ट, मग फोल्डर, मग सेटिंग. फ्लॅशमध्ये आधी चित्र असायचं. जुन्या फाईली असतील त्यांनी रफल हे फ्लॅशच्या फाईली चालवणारं सॉफ्टवेअर वापरून बघा, त्यात माझं ताम्हण पुन्हा चाललं.

सांगली, गावभाग

मी वास्तुरचनेचा विद्यार्थी असताना ब्लेंडर हे त्रिमिती मॉडेल करायचं सॉफ्टवेअर घेतलं, कारण ते फुकट होतं. २००२ साली लोकांच्या वर्गणीतून एक लाख युरो जमवून त्याचा कोड सगळ्यांसाठी मुक्त केला गेला, ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. तर, घराचं मॉडेल करत होतो, बोट पी वर पडलं आणि मेन्यू, बटणं काहीच ऐकेना. एस्केप दाबल्यावर सगळं परत आलं. शोधलं तर कळलं की जुन्या ब्लेंडरमध्ये पी म्हणजे गेम सुरू. आत आख्खं गेम इंजिन. सेन्सर, कंट्रोलर, अ‍ॅक्च्युएटर अशा तीन विटा (काय घडलं, काय ठरवायचं, काय हलवायचं) तारेनं जोडायच्या. मी बाणाच्या कळा कॅमेऱ्याला जोडल्या आणि स्वतः आखलेल्या घरात जिन्यानं चढून वर गेलो. पहिल्या मजल्यावर डोकं तुळईला लागेल हे नकाशात दिसलं नव्हतं, तिथं दिसलं.

२०१९ च्या २.८ आवृत्तीत ते इंजिन काढून टाकलं. तो निर्णय बरोबरच होता, त्याची देखभाल करणारं कुणी उरलं नव्हतं. पण आराखडा आणि खेळ एकाच खिडकीत, ही सोय गेली.

तासगाव तालुका, प्राथमिक शिक्षक

वरचे सगळे अनुभव वाचले. मी स्वतः गेम खेळणारा नाही. शाळेला देणगीत संगणक मिळाले, त्यावर मुलांना टायपिंगशिवाय काय द्यावं या शोधात स्क्रॅच हे मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅम करू देणारं सॉफ्टवेअर मिळालं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये ते खुलं केलं. इंटरनेट नसतानाही चालणारी आवृत्ती आहे, आमच्यासाठी तीच कामाची.

स्क्रॅचचा रंगमंच ४८० बाय ३६०. मधोमध शून्य. उजवीकडं २४० पर्यंत, डावीकडं उणे २४० पर्यंत. ऋण संख्या शिकवताना मी फळ्यावर संख्यारेषा काढून थकलो होतो. इथं मांजर डावीकडं न्यायचं तर एक्स, म्हणजे आडव्या जागेचा आकडा, कमी करावा लागतो, आणि शून्याच्या पलीकडं गेलं की आकड्यापुढं उणे चिन्ह आपोआप येतं. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, उणे म्हणजे मांजर शाळेच्या त्या अंगाला." पाठ तिथंच झाला.

चलांची नावं देवनागरीत देता येतात. मुलांनी 'गुण', 'जीव', 'पाणी' अशी नावं दिली. एका गटानं द्राक्षबागेचा खेळ केला : ढग आले की 'पाऊस' हा निरोप सगळ्या वेलींना जातो, मग खेळणाऱ्यानं घड झाकायचे, राहिले ते तडकतात. अवकाळीनं खरंच काय होतं हे त्या मुलांना कुणी सांगावं लागत नाही. नियम त्यांनीच ठरवले, आणि माझ्या मते ते कुठल्याही तयार शैक्षणिक गेमपेक्षा चोख होते.

सातारा, गोडोलीजवळ

दिवाळीत आमच्या गल्लीत किल्ल्यांची चढाओढ असते. एका वर्षी मला अजिंक्यताऱ्याची उंची मातीत नीट पकडायची होती म्हणून नेटवर डोंगराची मॉडेलं बघत होतो. त्यात युनिटी या गेम इंजिनाचं टेरेन टूल, जमीन घडवायचं साधन, दिसलं. ब्रश दाबून धरला की जमीन वर येते, शिफ्ट दाबला की खाली जाते. २००९ पासून फुकट आवृत्ती होतीच, त्यामुळं त्याच रात्री उतरवून घेतलं. डोंगर केला, माची केली, आणि खेळणाऱ्याच्याच नजरेनं चढायला लागलो. मावळे ठेवायच्या ऐवजी मीच मावळा.

पुढं मराठी पाट्या लावायला घेतल्या आणि अडलो. 'किल्ला' लिहिलं की पहिली वेलांटी क च्या उजवीकडं जाऊन बसायची आणि जोडाक्षर फुटायचं. हे त्या काळी बऱ्याच इंजिनांत व्हायचं, कारण देवनागरीत अक्षरं नुसती ओळीनं ठेवून भागत नाही, आकार जुळवणारा वेगळा टप्पा लागतो. मी पाट्या चित्रं करून चिकटवल्या. २०२३ च्या मार्चमध्ये गोडो या दुसऱ्या गेम इंजिनाची ४ ही आवृत्ती आली, त्यात हा टप्पा आतच आहे. 'महादरवाजा' सरळ टाइप केलं आणि सरळ दिसलं. त्या दिवसापासून मी गोडोवर आहे. ज्यांना मराठीत गेम करायचाय त्यांनी इंजिन निवडताना सगळ्यात आधी हेच तपासा. माझ्यालेखी याला पर्याय नाही.

सांगलीवाडी, बारावी

मी सगळ्यात लहान असेन. माझ्याकडं लॅपटॉप नाय. फोनवर गेम शोधताना प्ले स्टोअरला गोडो एडिटर दिसला, फुकट होता म्हणून घेतला. वाटलं नव्हतं फोनवर आख्खं इंजिन चालंल. जीडीस्क्रिप्ट ही त्यातली कोडची भाषा शाळेतल्या पायथनसारखीच हाय, त्यामुळं वाचता येतंय. पहिल्यांदा निळा चौकोन वर सरकवला. तोच पूर.

२०१९ ला आमच्या घरात पाणी होतं. कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फूट झाली की इशारा, ४५ ला धोका, त्या वेळी ५७ च्या वर गेली. मी तसाच गेम करतोय. कोपऱ्यात पुलाची पातळी, आणि तुम्ही घरातलं सामान माळ्यावर न्यायचं. काय आधी न्यायचं ते तुम्ही ठरवायचं : धान्य, कागदपत्रं, टीव्ही, आज्जीची औषधं. म्हस सोडायची का नाय ते पण. अडचण एवढीच, पाण्याला लाटा दिल्या की फोन तापतो आणि अडकतो. काय करू?

सातारा, गोडोलीजवळ : नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) 'कंपॅटिबिलिटी' निवड, तो जुन्या, कमी ताकदीच्या फोनवरही चालतो. लाटेसाठी शेडर (चित्राचा प्रत्येक ठिपका रंगवणारा कोड) नको. पाण्याचं एकच रुंद चित्र घे, ते आडवं सरकव, दोन थर वेगवेगळ्या वेगानं. आणि पातळीचा आकडा वेगळ्या चलात ठेव, चित्राच्या उंचीवरून काढू नकोस, म्हणजे पुढं पडद्याचा आकार बदलला तरी हिशेब मोडणार नाही.

तासगाव तालुका, प्राथमिक शिक्षक : बाळा, आज्जीची औषधं हा मुद्दा ठेवच. तयार झाला की आमच्या मुलांना खेळायला देशील का?

सांगलीवाडी : देतो सर. चित्रं मात्र मला येत नाहीत, सगळे चौकोनच हायेत अजून.

कराड, डीटीपी : चित्रं मी काढते. पूल, माळा, म्हैस, पाण्याचे दोन थर. पडद्याचा आकार किती धरलायस आणि सामानाच्या वस्तू एकूण कोणत्या, एवढी यादी पाठव.