मदत हवी आहे: अडथळा आलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतोय, हे वेळेत कसं ओळखायचं?

सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवाची केस डोक्यातून जात नाहीये, म्हणून विचारतेय.

साठीच्या बाई, पूर्वी गर्भपिशवी काढलेली. पोट फुगलेलं, हिरव्या उलट्या, दोन दिवस संडास नाही, वाराही सरत नव्हता. नाडी ९२, ताप नाही, पांढऱ्या पेशींचा काउंट ११,०००, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) ४०, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) १.४. पोट मऊ. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली असणार असं धरून नाकातून जठरात राइल्स ट्यूब टाकली, सलाईन लावलं आणि वाट बघायचं ठरवलं. तपासलं मीच होतं.

रात्री कळा थांबल्या आणि दुखणं सलग झालं. इंजेक्शन देऊनही बाई कुशीवर वळायला तयार होईनात. पोट तरीही मऊच! शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) देऊन सीटी स्कॅन केला आणि तासाभरात ऑपरेशनला घेतलं. आत बुटाच्या नाडीएवढा एक पट्टा, त्याखाली अडकलेला आतड्याचा वेढा, जांभळाकाळा. पट्टा कापून, गरम सलाईनच्या मॉपमध्ये गुंडाळून दहा मिनिटं थांबलो. एका टोकाला रंग परतला, मेसेंटरीत (आतड्याच्या रक्तवाहिन्या असलेल्या पडद्यात) ठोके दिसू लागले. उरलेलं चाळीस सेंटीमीटर काढावं लागलं. बाई आता बऱ्या आहेत, पण ते चाळीस सेंटीमीटर वाचलं असतं का?

आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका मोजणारा २०१० चा श्वेंटर यांचा स्कोअर वाचला. ४ दिवस किंवा जास्त दुखणं, गार्डिंग (हात लावताच पोटाचे स्नायू आखडणं), सीआरपी ७५ किंवा वर, काउंट १०,००० किंवा वर, सीटीत ५०० मिली तरी पाणी, आतड्याच्या भिंतीत कॉन्ट्रास्ट कमी भरणं. प्रत्येकाचा एक गुण, तीन झाले की धोका. दुपारी माझ्या पेशंटचा गुण होता एक. मग भरवसा कशावर ठेवायचा?

प्रतिसाद १
डॉक्टर, स्कोअर जास्त असेल तर तो ऐका, कमी असेल तर त्यावर विसंबू नका. पट्ट्याखाली आधी दबतात त्या पातळ भिंतीच्या शिरा. धमनी रक्त ढकलतच राहते, भिंत सुजते, रक्त वेढ्यातच तुंबतं. मग लॅक्टेट बाहेर येणार कसं? जे येतं त्यातलं बरंच यकृत निपटतं. पोट कडक होतं ते भिंतीची पूर्ण जाडी गेल्यावर, म्हणजे उशिरा. कळेचं सलग दुखण्यात बदलणं तुम्ही टिपलंत, तेच मोलाचं होतं. दर दोन-तीन तासांनी त्याच डॉक्टरने पोटावर हात ठेवावा, आणि सीटी पहिल्याच दिवशी व्हावा.

प्रतिसाद २
रेडिओलॉजीतून लिहितोय. मेलेलं आतडं शोधत बसलात तर उशीर ठरलेला. वेढा दोन्ही टोकांना बंद आहे का, मेसेंटरी एका बिंदूकडे ओढली जातेय का, तिच्यात सूज किंवा पाणी आहे का, ते आधी बघा. भिंत कॉन्ट्रास्ट घेत नसेल तर ती खूण बरीच खात्रीची, पण ती दिसली नाही म्हणून आतडं सुरक्षित असं मात्र नाही. आणि कृपया सीटीआधी तोंडाने कॉन्ट्रास्ट पाजू नका. आतडं आतून पांढरं दिसतं आणि भिंत वाचताच येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद सर. अशा वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यायचा का?

प्रतिसाद २
आतडं अडकल्याचा दाट संशय असेल तर द्या. सलाईन चालू ठेवा, पण क्रिएटिनिन उतरायची वाट बघू नका.