'पोस्ट कॅप्टन'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एक अडलंय. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदलाच्या नेल्सनवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात वाक्य आहे की १७७९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो 'पोस्ट' झाला. पहिल्या खर्ड्यात मी चक्क 'टपालाची जबाबदारी मिळाली' असं ठोकून दिलं होतं 🙈 नशीब पाठवायच्या आधी परत वाचलं. आता अर्थ साधारण कळलाय पण शब्द सापडत नाहीये. नुसतं 'कॅप्टन झाला' लिहिलं तर चालेल का?

दर्यावर्दी: नाही चालणार ताई, कारण कॅप्टन तर तो आधीपासूनच होता! म्हणजे लोक म्हणायचे. १७७८ च्या डिसेंबरात त्याला बॅजर नावाचं छोटं जहाज मिळालं, तिथे त्याचा हुद्दा कमांडरचा, म्हणजे कॅप्टनच्या एक पायरी खाली, पण जहाज ज्याच्या ताब्यात त्याला सगळे कॅप्टनच म्हणणार, आपल्याकडे गावात कंपाउंडरला डॉक्टर म्हणतात ना तसं. पुढच्या जूनमध्ये हिंचिनब्रुक मिळालं, २८ तोफांचं. साधारण २० तोफा आणि त्यावरचं जहाज मिळालं की माणूस खराखुरा कॅप्टन, म्हणजे 'पोस्ट'. इथे पोस्ट म्हणजे नेमणूक, जागा. आपण 'क्लार्कची पोस्ट निघालीये' म्हणतो तीच पोस्ट.

बोरूबहाद्दर: मग 'सनद मिळाली' म्हणा की. कमिशनला, म्हणजे अधिकाऱ्याच्या नेमणूकपत्राला, सनद हा झकास जुना शब्द आहे.

दर्यावर्दी: शब्द झकास आहे पण इथे पुरत नाही. सनद लेफ्टनंटलाही असायची, आणि तीही त्या त्या जहाजापुरती, जहाज बदललं की नवी. शिवाय आज 'सनदी अधिकारी' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर कलेक्टर येतो, पूर्वीची लाल दिव्याची गाडी येते, शिडाचं जहाज येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: पण एवढं काय होतं त्या 'पोस्ट'मध्ये? एका पायरीचाच तर फरक.

दर्यावर्दी: सगळी गंमत त्याच पायरीत आहे. त्याच्या खालपर्यंत वशिला, नशीब, लढाई, सगळं चालायचं. नेल्सन १२ वर्षांचा असताना मामाच्या जहाजावर चढला, १७७७ मध्ये लेफ्टनंटची परीक्षा पास झाला. वयाची अट २० पूर्ण, हा १८ चा, आणि दाखल्यावर काय तर 'विसाच्या वर दिसतो'. त्या वेळी मामा नौदलाच्या कारभारात बड्या जागेवर होते, समजून घ्या. पण एकदा पोस्ट झालात की नाव ज्येष्ठता यादीत चढलं, आणि तिथून ॲडमिरलपर्यंत फक्त वरचे मरायची वाट बघायची. कोणी कितीही शूर असो, यादीत उडी नाही. नेल्सन १७९७ च्या फेब्रुवारीत रिअर ॲडमिरल, म्हणजे ॲडमिरलांतली पहिली पायरी, झाला, लोकांना वाटतं केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईचं बक्षीस, पण लढाईची बातमी लंडनला पोचायच्या आधीच यादीत त्याचा नंबर लागला होता.

सातपाटीची सून: आणि यादीत नाव असलं तरी जहाज मिळेलच असं नाही हां. नेल्सनच १७८७ नंतर पाच वर्षं बायकोला घेऊन नॉरफॉकमध्ये वडिलांच्या घरी बसून होता, अर्ध्या पगारावर. याला 'अर्धवेतनी रजा' लिहू नका, रजा आपण मागतो, इथे कामच नसायचं. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्धाची चिन्हं दिसल्यावर त्याला ॲगामेम्नॉन हे जहाज मिळालं.

माझा दुसरा मुद्दा, त्या लेखात बोसन, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम, आला असेल तर त्याला 'तांडेल' करू नका. आमच्याकडे तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. इंग्रजांच्या जहाजांवर लस्कर, म्हणजे आशियाई, खलाशांचा जो सारंग असायचा तो बोसनच्या जवळ जातो, तांडेल त्याच्या हाताखालचा. शब्द तोच पण पायरी वेगळी, सासऱ्यांसमोर हे बोलले तर जेवायला मिळणार नाही 😄

बोरूबहाद्दर: 'पिवळा ॲडमिरल' पण ऐकलंय, ते काय?

दर्यावर्दी: ताफे तीन रंगांचे, लाल, पांढरा, निळा. पिवळा ताफा नव्हताच. ज्येष्ठता डावलता येत नाही म्हणून नकोशा कॅप्टनला ॲडमिरलपद द्यायचं पण ताफा द्यायचा नाही, त्याला म्हणायचे 'पिवळा केला'. बढती देऊन घरी बसवणं. सरकारी ऑफिसातल्यांना वेगळं सांगायला नको.

मूळ प्रश्नकर्ती: बरं पण माझा शब्द??

सातपाटीची सून: 'पक्का कॅप्टन' लिहा. शिकाऊ लायसन, पक्कं लायसन म्हणतोच ना आपण.

बोरूबहाद्दर: पक्का म्हणजे बेरकी पण होतो 😂

मूळ प्रश्नकर्ती: पहिल्यांदा 'पोस्ट कॅप्टन, म्हणजे यादीवरचा पक्का कॅप्टन' असं लिहिते, पुढे नुसतं 'पक्का कॅप्टन'. आणि बॅजरवर असताना 'मानाचा कॅप्टन'. टपालवालं वाक्य उडवलं.