गव्हाण, गोठा की पाळणा?

प्रश्न

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा ॲडव्हेंट. या दिवसांत आमच्या सोसायटीतल्या पोरांना जमवून मी एक साधा प्रकार करते. जिन्याखाली एक रिकामी गव्हाण ठेवायची. दिवसभरात कुणाच्या हातून काही बरे घडले, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आजींची पिशवी उचलली किंवा भावाला मारता मारता हात आवरला, की गुपचूप गवताची एक काडी तीत टाकायची. कुणी किती काड्या टाकल्या हे विचारायचे नाही. २४ डिसेंबरच्या रात्री त्या गवतावर बाळ येशूची मूर्ती निजवायची. जेवढे गवत, तेवढे अंथरूण मऊ. पोरांतली बरीचशी ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे पालकांसाठी मराठीत चार ओळी लिहायच्या आहेत. ॲडव्हेंटला ‘आगमनकाळ’ लिहिले तर एका बाईंनी विचारले, ढोलताशा पण आहे का? आणि ‘गव्हाण’ शब्द मुलांना माहीतच नाही. गोठा लिहू का? की पाळणा?

वसईकर

आमच्याकडे चर्चमध्ये आगमनकाळ हाच शब्द चालतो आणि तो चुकीचा नाही. लॅटिन ‘आद्वेंतुस’ म्हणजे येणे, आगमन. ढोलताशाची शंका मात्र रास्त आहे. गणपतीच्या आगमनाने तो शब्द पार व्यापून टाकलाय. तुम्ही ‘नाताळाची वाट पाहण्याचे दिवस’ लिहा, कंसात आगमनकाळ. दिवस मोजून चिठ्ठीत घालणार असाल तर सांभाळून. ३० नोव्हेंबरच्या जवळचा रविवार हा पहिला, म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांत कधीही येतो. त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा, कधी २८ दिवसांचा.

शब्दवेडा

पाळणा नको. सगळी गंमतच जाईल. पाळण्यात बाळ ठेवले तर त्यात विशेष ते काय? मराठी बायबलात लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळाला बाळंत्यात गुंडाळून ‘गव्हाणीत ठेवले’ असे आहे, कारण ‘उतारशाळेत जागा नव्हती’. (उतारशाळा! उतारूंनी उतरायची जागा. हा शब्द बायबलाबाहेर मी फारसा पाहिलेला नाही, आणि लॉजला यापेक्षा चांगला मराठी शब्दही पाहिलेला नाही.)

गोठाही नको. गोठा ही अख्खी जागा. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकायची ती लांबट जागा, लाकडाची, दगडाची किंवा नुसती मातीचा बांध घातलेली. संस्कृतात ‘गवादनी’ आहे, गो अधिक अदन, गाईने खायची जागा. गुजरातीत गमाण म्हणतात. लहानपणी मी याचा संबंध गव्हाशी लावत असे, तसा तो नाही. गव्हाणीला इंग्रजीत मँजर म्हणतात, त्याचीही तीच तऱ्हा, तो फ्रेंचमधल्या ‘खाणे’ या क्रियापदावरून आला. बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ सांगतात तो ‘भाकरीचे घर’. भाकरीच्या घरी, चाऱ्याच्या जागी बाळ. गोठा म्हटले की यातले सगळे पुसले जाते.

गोंयकान्न

आमच्या गोव्यात नाताळाच्या देखाव्याला ‘गोठो’ म्हणतात हो, आणि कुणाचे काही अडत नाही. वाड्यावाड्यावर पोरे गोठो बांधतात, तळी, डोंगर, दिवे, सगळे.

शब्दवेडा

देखाव्याला गोठा म्हणा, त्याला हरकत नाही. पण ताईंचा देखावा नाही, एकच भांडे आहे, आणि ते रिकामे आहे हाच मुद्दा.

ऊसवाला

मुलांना गव्हाण माहीत नाही म्हणता? सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही पोराला विचारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोज पेपरात असते, ‘गव्हाणीत उसाची मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ’. कारखान्यात ऊस आत ओढून नेणारा जो पट्टा असतो ती आमची गव्हाण. बैलाची गेली, कारखान्याची राहिली. तुमची काडी आणि आमची मोळी, दोन्हींचा हंगाम एकच!

पक्षीमित्र

आणि गव्हाणी घुबड विसरू नका. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचे ते. मुलांना त्याचा फोटो दाखवला तर शब्द जन्मभर विसरणार नाहीत. (नाताळाच्या चिठ्ठीत घुबड घालावे की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा.)

नगरी

मला ‘काडी’ची काळजी वाटते. ‘आज कुणी काडी टाकली?’ असे विचारले तर आमच्या नगरकडे भांडणच लागेल. काड्या करणे, काडी लावणे, काडीमोड… या शब्दाने आयुष्यात एक चांगले काम केलेले नाही.

प्रश्नकर्ती

हे खरेच झालेय! गेल्या वर्षी एकाने आईला सांगितले, ‘मी आज तीन काड्या टाकल्या’, आणि माउली तडक माझ्याकडे. मग काय लिहू?

नगरी

आमच्याकडे कडबा. पण ज्वारीच्या ताटांवर बाळ निजवले तर सकाळपर्यंत अंगभर वळ उठतील.

वसईकर

पेंढा घ्या. भाताचा, मऊ. एका वेळी टाकायची ती ‘पेंढ्याची काडी’च, पण चिठ्ठीत ‘चिमूटभर पेंढा’ लिहा. कुणाला शंका यायची नाही.

प्रश्नकर्ती

चिमूटभर पेंढा छान आहे. पण चिमटीने टाकला तर दोन दिवसांत गव्हाण भरेल, आमची पोरे फार चांगली नाहीत पण उत्साही आहेत. आणखी एक विचारते. चार मेणबत्त्यांचे हिरव्या डहाळ्यांचे जे गोल असते, तेही ठेवणार आहे. त्याला पुष्पचक्र म्हणू ना?

शब्दवेडा

अजिबात नको! पुष्पचक्र हुतात्म्यांना वाहतात. पालक हातात फुले घेऊन गंभीर चेहऱ्याने येतील. आणि फुले तरी कुठे आहेत त्यात?

मुळात ते चाकच होते. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विचर्न नावाचे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ किती दिवसांवर आला, असे मुले सारखी विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची. डहाळ्या नंतर आल्या. तेव्हा ‘मेणबत्त्यांचे चाक’ म्हणा, मुलांना लगेच कळेल.

वसईकर

आता पुष्कळ ठिकाणी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, तो आनंदाचा रविवार. मुले हटकून ती पहिल्यांदा पेटवायला मागतात.

आजी, दादर

नुसते हिरवे कडे असेल तर चुंबळ म्हणा की. डोक्यावर घागर ठेवायला करायचो ती. अगदी तशीच दिसते.

प्रश्नकर्ती

आजी, चुंबळ पक्की! पण मग तीही मुलांना समजावून सांगावी लागेल, गव्हाणीसारखी. असू दे, घुबडासोबत सांगेन. आता शेवटचा प्रश्न, शब्दांचा नाही. पुण्यात डिसेंबरात पेंढा कुठे मिळेल?

ऊसवाला

पाचट पाठवू का? ट्रकभर आहे.

गोंयकान्न

माळ्यावर बघा. मे महिन्यातली हापूसची पेटी टाकली नसेल तर आत पेंढा असेलच.

प्रश्नकर्ती

सापडली. पेंढ्यासकट. पेटीच लांबट आहे, लाकडाची आहे, तीच गव्हाण. फक्त अजून आंब्याचा वास येतोय.